भिवाजीने पारखलेली गाडी

भिवाजीचा दिवस पावणेपाचला सुरू व्हायचा. पाचला नळाला पाणी यायचं, पावणेसहाला जायचं. तेवढ्या वेळात घरचं पिंप, दोन हंडे, चार बादल्या आणि वरच्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या आवडाबाईंची कळशी तो भरून ठेवायचा. मग आंघोळ, चहा, दोन चपात्या. साडेसातला तो गॅरेजच्या बंद शटरसमोर उभा असायचा. शटर आठला उघडायचं. अर्धा तास आधी येऊन काय करतोस, असं मी एकदा विचारलं. बाहेर उभ्या असलेल्या गाडीकडे बोट करून तो म्हणाला, "ऊन तिरपं आहे. आत्ता जो खड्डा दिसतो तो दुपारी दिसत नाही."

तो डेंटर होता. ठोकलेल्या गाडीचा पत्रा सरळ करणारा. मी त्याच गॅरेजात पेंटर. कल्याण-शीळ रस्त्यावर, मानपाड्याच्या पुढे, आनंदाशेठचं गॅरेज. भिवाजी तिथे चौतीस वर्षं होता, मी एकोणतीस. त्याचं काम जिथे संपायचं तिथे माझं सुरू व्हायचं, म्हणून त्याचं काम माझ्याएवढं जवळून कुणी पाहिलेलं नाही. बरेच डेंटर पत्रा निम्मा सरळ काढतात आणि उरलेलं पुट्टीने भरतात. वर रंग बसला की गिऱ्हाइकाला कळत नाही. दोन वर्षांनी पुट्टी फुगते, तेव्हा शिव्या पेंटरला पडतात. भिवाजीने काढलेल्या दरवाज्याला मला नखाएवढी पुट्टी लागायची. दुसरा दीड तासात सोडायचा त्या दरवाज्याला हा चार तास द्यायचा. मजुरी दरवाज्यावर होती, तासावर नव्हती. नुकसान त्याचंच.

त्याची एक सवय होती. गाडी ओढून आणली की बाकीचे आधी बॉनेट उचलायचे. भिवाजी आणणाऱ्याला विचारायचा, "बसलेला कसा आहे?" उत्तर मिळेपर्यंत हातोडी उचलायचा नाही. कुणी सांगायचं, पाय मोडला. कुणी सांगायचं, काहीच नाही, चालत घरी गेला. कुणी नुसतीच मान हलवायचं. मग भिवाजी गाडीभोवती एक फेरी मारायचा. कुठून मार लागला, कुठे थांबला, माणसं बसतात ती आतली पेटी हलली की नाही, दार हाताने उघडलं की कापावं लागलं. हे सगळं तो डोक्यात ठेवायचा. लिहीत नसे. चौतीस वर्षांत अशा किती गाड्या झाल्या असतील ते मला सांगता येणार नाही.

त्यामुळे गाडी घ्यायची असली की डोंबिवलीतली माणसं त्याला विचारायला यायची. त्याची मतं मला पाठ आहेत. कंपन्यांची नावं मात्र लिहीत नाही. सगळ्यांच्याच गाड्यांवर आमची चूल पेटली.

एक कंपनी अशी, की तिच्या सगळ्यांत स्वस्त गाडीला आणि सगळ्यांत महाग गाडीला बिजागरी एकच. भिवाजी तिला मानायचा. "गरिबाच्या दरवाज्यालाही तोच नट लावलाय. माणसं बरी आहेत." दुसरीचं उलट. वरच्या मॉडेलमध्ये सगळं, खालच्या मॉडेलला फक्त वरच्याचा चेहरा. बंपर काढला की आडवी पट्टी हवी तिथे पोकळी. तिसरीच्या गाड्या दिसायला सगळ्यांत देखण्या. दरवाज्यावरून मागच्या दिव्यापर्यंत एक रेघ जायची, ती रंगवताना माझा हात आपोआप हलका पडायचा. पण चाकावरचा एक फेंडर मागवला की पंचवीस दिवस. चौथीचा पत्रा दणकट, आणि दोन दरवाज्यांमधली फट वर केसाएवढी, खाली बोटाएवढी. "घाईत शिवलेला सदरा," भिवाजी म्हणायचा. आणि परदेशी महागड्या गाड्या, ज्यांचं दार लावलं की धप्प असा भारी आवाज येतो. लोक त्या आवाजावर लाखभर जास्त देतात. भिवाजी हसायचा. "पेंटर, तो आवाज रबराचा आहे. तसलं रबर लावून दे, तुझ्या गोदरेजच्या कपाटालापण येईल."

आनंदाशेठशी त्याचं एकाच गोष्टीवर वाजायचं. शेठ जुन्या वळणाचा. जाड पत्रा तीच चांगली गाडी.

"अरे भिवा, जुनी जीप बघ. ठोकली तरी समोरच्याचं नुकसान."

"जीप तशीच राहते शेठ. आतला राहत नाही."

"म्हणजे?"

"धक्का कुठेतरी जाणार ना? पत्रा घेत नसेल तर माणूस घेतो. पुढचा भाग मऊ पाहिजे, चुरगळला पाहिजे. मधली पेटी कडक पाहिजे."

"म्हणजे गाडी मोडणारी पाहिजे म्हणतोस. तुझं पोट भरायला."

"तुमचं आधी भरतं शेठ," भिवाजी म्हणाला, आणि पुन्हा ठोकायला लागला.

ही सगळी पारख त्याने कशासाठी केली, ते सांगायला हवं. त्याचा मुलगा सुदेश महापेला एका पॅकिंगच्या कारखान्यात मशीनवर होता. सातची पाळी. कंपनीची बस कायम कामगारांना, सुदेश कंत्राटी. म्हणून तो रोज सव्वासहाला मोटरसायकलवर निघायचा आणि शीळफाट्यावरून महापे गाठायचा. ज्या रस्त्यावरून सुदेश जायचा, त्याच रस्त्यावरच्या गाड्या आमच्याकडे यायच्या. दुचाक्या आमच्या गॅरेजात येत नसत. पण गाड्यांच्या पुढच्या जाळीत त्यांच्या खुणा यायच्या. फुटका आरसा, चपलेचा पट्टा, एकदा डब्याचं झाकण. भिवाजी ते काढून खिडकीत ठेवायचा. टाकून द्यायचा नाही, घरीही न्यायचा नाही. मला एकदा म्हणाला, "पोराला चार चाकांवर आणायचंय, पेंटर. बाकी मला काही नको." बाकी त्याने काही केलंही नाही. हौसावहिनींनी, म्हणजे त्याच्या बायकोने, स्वयंपाकाच्या ओट्यावर फरशी मागितली होती. ती अकरा वर्षं पुढे ढकलली.

अकरा वर्षं तो पैसे साठवत होता आणि गाड्या नापास करत होता. शेवटच्या दोन वर्षांत रविवारी ठाण्याला घोडबंदर रोडच्या शोरूम बघायला जायचे. भिवाजी, सुदेश, सुदेशची बायको रसिका आणि कडेवर त्यांची लेक दक्षता. एका रविवारी मलाही नेलं, रंग बघायला. काचेच्या भिंती, आत गारवा, गाडीच्या बॉनेटवर लाल रिबिनीचा गोंडा. भिवाजी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आला होता आणि दोन मिनिटांत गाडीखाली उताणा झोपला होता. टाय लावलेला विक्रेता धावत आला.

"काका, काही पडलं का तुमचं?"

"नाही."

"मग खाली काय शोधताय?"

"तू वर उभा राहून सांगत नाहीस ते."

सुदेश लाजून इकडेतिकडे बघायला लागला. "बाबा, उठा ना. लोक बघतायत."

"बघू देत. त्यांना मी दिसतोय, मला चेसिस दिसतोय."

रसिका ओढणी तोंडाशी धरून हसत होती. विक्रेत्याने वाकून गाडीखाली बघत आपलं पाठ केलेलं सुरू केलं. सनरूफ आहे, दहा इंचाची स्क्रीन आहे, नुसतं बोललं की काच खाली होते.

"बोललं की ब्रेक लागतो का?" खालून आवाज आला.

बाहेर आल्यावर सुदेश चिडला होता. "बाबा, तुम्हाला गाडी घ्यायचीच नाहीये. तुम्हाला फक्त नापास करायचंय."

"पास होणारी आली की घेईन."

"तोपर्यंत दक्षू कॉलेजला जायला लागेल."

"मग तिला सोडायला लागेलच ना गाडी," भिवाजी म्हणाला, आणि मग सगळेच हसले.

सुदेशची नजर वेगळी होती. त्याला दिव्यांचा आकार दिसायचा, चाकांची नक्षी दिसायची, आत बसल्यावर काय वाटतं ते कळायचं. मी त्याला चूक म्हणणार नाही. देखणेपण हेही काम आहे, कुणीतरी ते घासून-पुसून केलेलं असतं. त्याला कोरियन कंपनीची सनरूफवाली हवी होती. दोन महिने बापलेकांत त्यावर घासाघीस चालली. रसिकाने एकदा जेवताना विचारलं, "पण नक्की कोणासाठी घेताय गाडी?" दोघांनी एकदम उत्तर दिलं. भिवाजी म्हणाला, "सुदेशसाठी." सुदेश म्हणाला, "बाबांसाठी."

शेवटी निकाल लागला तो फोनवर. आमच्या गॅरेजातला मेकॅनिक मितेश, भिवाजीच्याच बिल्डिंगमध्ये राहणारा. त्याने नव्या गाड्या भिंतीवर आपटून बघतात त्याचे व्हिडिओ दाखवले. एका देशी कंपनीची मधल्या आकाराची गाडी होती. भिवाजीने ती आपटताना वीस वेळा बघितली. पुढचा भाग पूर्ण चुरगळला. काचेच्या बाजूचा खांब जागचा हलला नाही. गाडी आपटल्यानंतरही दार हाताने उघडलं. भिवाजी फोनच्या काचेवर त्या खांबावरून अंगठा फिरवत होता.

"भिवाकाका, मोबाइलवर हात फिरवून पत्रा कळतो होय?" मितेशने विचारलं.

"हीच," भिवाजी म्हणाला.

दसऱ्याला गाडी आली. राखाडी रंग. सहा एअरबॅग, सनरूफ नाही. हौसावहिनींनी ओवाळलं, चाकाखाली लिंबू ठेवलं. सुदेशने गाडी चालवली, सगळे टिटवाळ्याला गणपतीला जाऊन आले. भिवाजी मागे बसला होता आणि परत येईपर्यंत त्याचा तळवा दाराच्या खांबावर होता, असं रसिकाने मला सांगितलं.

बावीस दिवस सुदेश गाडीने कामावर गेला. त्या बावीस दिवसांत भिवाजी गॅरेजात गुणगुणायचा. आधी कधी ऐकलं नव्हतं.

आता जागेचं सांगतो. भिवाजीच्या बिल्डिंगमध्ये चाळीस घरं. पुढे, गटाराच्या कडेने, पाच गाड्या मावतील एवढी पट्टी. कागदावर ती कुणाचीच नाही. ज्याची गाडी उभी, त्याची जागा. गाडी बाहेर काढली की लोक तिथे कुंडी ठेवतात, मोडकी खुर्ची ठेवतात, दगड ठेवतात. पण कुंडी उचलता येते, गाडी उचलता येत नाही. म्हणून आमच्याकडे बरीच माणसं गाडी घेतात आणि जागा राखायला ती उभी करून ठेवतात. स्वतः रिक्षाने फिरतात. वर कापडी कव्हर, आठवड्यातून एकदा धूळ झटकणं, महिन्यातून एकदा इंजिन चालू करून बंद करणं. बाहेरच्याला हसू येईल. आम्हाला त्यात काही चुकीचं वाटत नाही.

तेविसाव्या दिवशी सुदेश संध्याकाळी परत आला तर जागेवर कुणाच्या पाहुण्यांची गाडी. कुंडी भिंतीपाशी सरकवलेली. पाऊण तास तो गल्ल्यांमधून फिरला आणि शेवटी गाडी मोठ्या रस्त्याला लावून आला. सकाळी बघितलं तर पाण्याच्या टँकरने मागचं डावं दार दाबलं होतं.

त्या रविवारी भिवाजीने ते दार स्वतः काढलं. कुणाला हात लावू दिला नाही. आतली गादी काढून, मागून लोखंडी ठोकळा धरून, लहान हातोडीने एक एक ठोका. साडेचार तास. राखाडी रंग जुळवायला वाईट असतो, पांढऱ्यासारखा लपत नाही. मी तीन हात दिले आणि कडेला विरत नेला. काम झाल्यावर आम्हा दोघांनाही कुठे मार होता ते सापडलं नाही. भिवाजी तरीही बघत राहिला.

घरी गेल्यावर तो सुदेशला म्हणाला, "रोज नको काढू."

"मग घेतली कशाला?"

"लांब जायचं तेव्हा काढू. गावाला. पाऊस फार असला तर."

सुदेशने खांदे उडवले. "मला काय, बाईकच बरी. पस्तीस मिनिटांत पोचतो. गाडीने शीळफाट्यालाच तास जातो."

म्हणजे मुलाने हट्ट केला नाही आणि बापाने जुलूम केला नाही. दोघांनाही बरं वाटलं. ज्या गोष्टीसाठी अकरा वर्षं घालवली ती एका संध्याकाळी बाजूला पडली, आणि हे त्या घरात कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही आलं नाही. भिवाजी रोज सकाळी पाणी भरून झालं की कव्हर उचलून गाडी पुसायचा. गाडीने दहा महिन्यांत दोनदा गाव पाहिलं. बाकी ती उभी.

पुढच्या ऑगस्टच्या शेवटी, गणपतीच्या आधी दहाएक दिवस. सकाळी पाऊस होता, फार नाही. पुढचं मी भिवाजीच्या तोंडून ऐकलं आहे. त्याने सांगितलं तेवढंच लिहितो.

रसिका सुदेशला म्हणाली, "अहो, आज गाडी न्या ना. रस्ता बघा काय झालाय."

सुदेशने खुंटीवरची गाडीची चावी घेतली. भिवाजी बाथरूममध्ये आंघोळ करत होता. तिथून तो ओरडला, "अरे, आज मांडवाचे बांबू येणारेत. आज काढलीस तर विसर्जनापर्यंत जागा मिळायची नाही."

"बरं," सुदेश म्हणाला. चावी खुंटीला लावली, रेनकोट चढवला. दक्षता झोपली होती, तिच्या पायाला हात लावला. सव्वासहाला गेला.

सात वाजायला पाच मिनिटं असताना फोन आला. खड्डा चुकवताना मोटरसायकल घसरली होती. मागून कंटेनरची गाडी येत होती.

मितेशने राखाडी गाडी काढली आणि सगळ्यांना घेऊन इस्पितळात गेला. काही करायला उरलं नव्हतं.

पाचव्या दिवशी पोलीस चौकीत मोटरसायकल बघायला भिवाजीबरोबर मी गेलो. ती भिंतीला टेकवून ठेवली होती. हँडल जरासं वाकलेलं, एक आरसा फुटलेला, टाकीवर ओरखडा. भिवाजीने हँडलवरून हात फिरवला.

"अर्ध्या तासाचं काम आहे," तो म्हणाला.

मग तिथेच, चौकीच्या ओल्या फरशीवर, तो खाली बसला. मी त्याला उठवायचा प्रयत्न केला. शेजारी उभ्या असलेल्या हवालदाराने हाताने मला थांबवलं. बसू द्या, म्हणाला.

इस्पितळातून आल्यावर मितेशने गाडी गॅरेजात नेऊन लावली. बिल्डिंगसमोरची तिची जागा मोकळी झाली. तिथे कुणी कुंडी ठेवली नाही, दगड ठेवला नाही. तरी कुणी गाडी लावली नाही. चाळीस घरांत कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. मंडळाच्या पोरांनी मांडवाचे बांबू आपण होऊन पलीकडच्या बाजूला घेतले. रात्री उशिरा येणारे दोन गल्ल्या सोडून गाड्या लावून चालत यायचे. तेरा दिवस ती जागा रिकामी होती. लोकांनी मायेने केलं. त्यांना चावीचं माहीत नव्हतं.

भिवाजी गॅलरीत बसायचा. समोर ती जागा. बाराव्या दिवशी मी शेजारी बसलो होतो. तो म्हणाला, "पेंटर, जागा मिळत होती रे."



तेराव्याचं जेवण झाल्यावर रसिकाने सगळ्यांसमोर सासऱ्याला सांगितलं, "बाबा, चावी त्यांनी स्वतः ठेवली. तुम्ही हातातून काढून घेतली नव्हती."

"मी बोललो नसतो तर ठेवली नसती."

रसिका यावर गप्प राहिली. खोटं बोलणारी मुलगी ती नाही. हौसावहिनी उठून आत गेल्या. त्यांनी नवऱ्याला त्या सकाळबद्दल एक शब्द कधी विचारला नाही. भिवाजी म्हणायचा, विचारलं असतं तर बरं झालं असतं.

त्या संध्याकाळी तो खाली उतरला आणि रिकाम्या जागेत उभा राहिला. येणाऱ्या-जाणाऱ्याला म्हणायला लागला, "लावा रे कुणीतरी. लावा इथे गाडी." कुणी लावेना. शेवटी मितेशने आपली स्कूटर आणून उभी केली आणि त्याला हाताला धरून वर नेलं.

सोळाव्या दिवशी तो कामावर आला. साडेसातला, नेहमीसारखा. चार दिवसांनी त्याने काढलेला एक दरवाजा माझ्याकडे आला. मी त्यावर हात फिरवला. मधोमध मोठा खळगा तसाच होता, अर्धं पेर पुट्टी लागली असती. मी भरली. त्याला काही बोललो नाही, शेठलाही नाही. पुढच्या महिन्यात असे बरेच दरवाजे आले. गाडी ओढून आणणाऱ्याला तो आता काही विचारतही नसे. गाडी आली की सरळ ठोकायला लागायचा. दिवाळीच्या आधी त्याने काम सोडलं. दहा-दहा वर्षं वापरलेल्या हातोड्या होत्या, त्यांचे दांडे त्याच्या मुठीच्या आकाराने झिजलेले. त्या कुणाच्या हातात बसणार नव्हत्या. तरी तो ठेवून गेला.

राखाडी गाडी विकायला काढली तेव्हा मात्र जुना भिवाजी दिसला. बदलापूरचं एक कुटुंब बघायला आलं होतं. नवरा-बायको आणि दोन मुली. जेमतेम चाललेली गाडी, डोळे झाकून घ्यावी अशी. भिवाजीने त्यांना ती पुढून मागून दाखवली. कुठे काय मजबूत आहे, कुठली सीट लहान मुलीसाठी, पट्टा कसा लावायचा. मग मागच्या डाव्या दाराशी नेऊन म्हणाला, "हे दार ठोकून काढलेलं आहे."

नवऱ्याने वाकून बघितलं. "कुठे? दिसत नाही."

"दिसणार नाही. पण आहे."

त्या माणसाने अर्थातच भाव पाडला. आनंदाशेठ कपाळावर हात मारून घेत होता. "अरे भिवा, देवाला तरी दिसलं असतं का ते?" भिवाजी म्हणाला, "मला दिसतं." घेणाऱ्याच्या बायकोने विचारलं, "काका, एवढी चांगली गाडी विकताय का?" तो म्हणाला, "चालवणारा नाही."

रसिकाला कळव्याला एका दवाखान्यात बिलाच्या खिडकीवर काम मिळालं. घरापासून डोंबिवली स्टेशन चार किलोमीटर. तिने जुनी स्कूटर घ्यायचं ठरवलं होतं, मितेश बघून देणार होता. भिवाजीच्या कानावर गेलं. तो काही बोलला नाही. बोलायची त्याला भीतीच बसली होती. दुसऱ्या दिवसापासून तो सकाळी कोपऱ्यावरच्या रिक्षास्टँडवर जाऊन उभा राहायला लागला. आठ दिवस गेला. एकाही रिक्षाखाली वाकून बघितलं नाही, पत्र्याला हात लावला नाही. माणसं बघत होता. वळणावर कोण थांबतो, खड्डा दिसल्यावर कोण वेग कमी करतो आणि कोण बाजूने कापतो, कोण गाडी चालवताना फोन कानाला लावतो.

त्याने देवरामला निवडला. साठीला आलेला, आगरी, जवळच्याच गावातला. त्याला स्टँडवरचे सगळे चिडवायचे. "काका, त्या बैलगाडीत बसू नका, सुनेची लोकल चुकेल."

"तुला मोबाइल आहे का?" भिवाजीने देवरामला विचारलं.

"आहे. सीटखाली ठेवतो. का?"

"ओव्हरटेक करतोस?"

"कोनाला करू, बाबा? समद्या दुनियेलाच माझ्याआधी जायचंय," देवराम म्हणाला.

रसिका पहिल्या दिवशी रिक्षात बसायला तयार नव्हती. "बाबा, स्कूटरने दहा मिनिटं लागतील. ही चैन कशाला? दर महिन्याला एवढे पैसे?"

भिवाजी म्हणाला, "घरातून वीस मिनिटं आधी निघ, एवढंच करायचंय तुला."

तिने दक्षताला आत बसवलं आणि स्वतः बसली.

आता वर्ष होत आलं. देवराम सकाळी पावणेआठला दाराशी येतो. आधी दक्षताला शाळेत सोडतो, मग रसिकाला स्टेशनवर. दुपारी दक्षताला आणतो, संध्याकाळी रसिकाला. तीन चाकं, वर कापडाचं छप्पर, बाजूला दार नाही. गाडीचे आले ते पैसे आणि हातोडीच्या कमाईचे उरले होते ते, भिवाजीने एकत्र करून ठेवले आहेत. दर एक तारखेला त्यातून तो देवरामचा महिना देतो. मुलगी दहावी होईपर्यंत पुरतील असं तो म्हणतो.